जुने घर कोणाला आठवते?

(द्वितीय वर्ष, कला)

कर्जत लोकलच्या डब्यात, लग्नघरी किंवा देवळाच्या पारावर दोन वयस्क माणसे शेजारी बसली की थोड्याच वेळात एक वाक्य हमखास कानांवर येते : "आमच्या वेळी असं नव्हतं." मग घर मोठे होते, माणसे पुष्कळ होती, खाणे साधे होते पण गोड लागत होते, सणाला एकच नवा कपडा मिळे पण त्याचा आनंद वर्षभर पुरे, अशी यादी सुरू होते. पूर्वी मला या बोलण्याचा कंटाळा येत असे. गेल्या वर्षभरात मात्र हा एक अभ्यासाचा विषय आहे असे वाटू लागले. त्याला दोन कारणे घडली. एक म्हणजे ग्रंथालयातून आणलेली काही पुस्तके. दुसरे कारण घरचे आहे. माझी आई दर शनिवारी व रविवारी चुलीवर साठ-सत्तर भाकऱ्या भाजते. आणि आमच्या घरात चूल नाही. या दुसऱ्या कारणाचा उलगडा लेखाच्या उत्तरार्धात होईल.

महाविद्यालयापर्यंत आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे वाचन थोडे आहे. जे वाचले आणि जे घरी पाहिले ते शेजारी-शेजारी ठेवून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्दाची जन्मकथा

जुन्या दिवसांच्या या ओढीला इंग्रजीत 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात. हा शब्द मूळचा साहित्यातला नव्हे, वैद्यकातला आहे. १६८८ साली योहानेस होफर या तरुणाने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वैद्यकाचा प्रबंध सादर केला. घरापासून दूर राहिलेल्या स्विस तरुणांना जडणाऱ्या आजारासाठी त्याने 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून हा शब्द घडवला. म्हणजे आपण ज्याला हौस समजतो ती एके काळी चक्क व्याधी मानली जात होती.

आपल्याकडे याला 'स्मरणरंजन' म्हणतात. ग्रीक शब्दांत वेदना आहे, आपल्या शब्दात रंजन आहे. दोन्ही खरे आहे. जुने आठवताना मनाला बरे वाटते आणि कुठेतरी दुखतेही. परंतु आणखी एक गोष्ट या दोन्ही शब्दांत नाही, ती म्हणजे हिशेब. त्या सुखासाठी राबत कोण होते, आणि त्या घराच्या दाराबाहेर कोण उभे होते, हे दोन प्रश्न स्मरणरंजन सहसा विचारत नाही. हे प्रश्न विचारले तर जुन्या घरातले काय उरते, ते पाहू.

तीन पुस्तके, एकच दशक

कौटुंबिक जीवनाच्या आठवणींची तीन प्रसिद्ध पुस्तके एकाच दशकात निघाली, हा योगायोग मला फार नवलाचा वाटला. अमेरिकेत लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे 'लिटल हाऊस इन द बिग वूड्स' १९३२ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. लॉराबाईंचा जन्म १८६७ चा आणि लक्ष्मीबाईंचा १८६८ चा. पृथ्वीच्या दोन टोकांच्या या समवयस्क स्त्रियांनी साठी उलटल्यावर आपले बालपण आणि संसार कागदावर आणला.

लॉराबाईंनी १९३२ ते १९४३ या काळात या मालेतील आठ पुस्तके लिहिली. जंगलातले लाकडी घर, हिवाळ्यासाठी साठवलेले अन्न, रात्री वडिलांनी वाजवलेले फिडल, नाताळला प्रत्येकीला मिळालेला एक पत्र्याचा पेला, एक गोड कांडी आणि एक पेनी. तेवढ्यावर मुली हरखून जातात. १९२९ च्या मंदीनंतर अमेरिकेत लाखो घरांतली चूल विझायची वेळ आली होती. अशा वाचकाला हे घर फार जवळचे वाटले असल्यास नवल नाही. पुढे १९७४ ते १९८३ या काळात त्यावरची दूरदर्शन मालिकाही अतिशय लोकप्रिय झाली.

पण लॉराबाईंनी सर्वच सांगितले असे नाही. त्यांचा धाकटा भाऊ नऊ महिन्यांचा असताना १८७६ साली वारला. त्यानंतर ते कुटुंब आयोवातील बर ओक या गावी काही काळ राहिले. हा सारा काळ मालेतून वगळलेला आहे. मुलांसाठी लिहिताना त्यांनी निवड केली. त्यात गैर काही नाही. पण जुने घर वाचताना ते निवडलेले घर आहे, एवढे वाचकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

असे असले तरी श्रम त्यांनी लपवले नाहीत. १९४० सालच्या 'द लाँग विंटर' या पुस्तकात १८८०-८१ च्या भयंकर हिवाळ्याचे वर्णन आहे. बर्फामुळे आगगाड्या बंद पडतात, दुकानांतले पीठ संपते, आणि मग घरातली माणसे आळीपाळीने कॉफी दळायच्या लहानशा यंत्रात गहू दळतात. दिवसभर दळावे तेव्हा एका दिवसाच्या पावापुरते पीठ पडते. ते प्रकरण वाचताना मला अमेरिका आठवली नाही. आमच्या अंगणातले जाते आठवले.

लक्ष्मीबाईंची रीत वेगळी आहे. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकापायी घरातल्या माणसांचे किती हाल होत, हे त्या हसत-हसत सांगतात. हसू येते, पण हाल झाकले जात नाहीत. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली स्वतःच्या मनाची ओढाताणही त्या तशीच मांडतात. जुने घर त्यांना प्रिय आहे, मात्र त्याची बाजू घेऊन त्या खोटे बोलत नाहीत.

'श्यामची आई' आपण सर्वांनी लहानपणी वाचलेली असते. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपटही पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातील अळणी भाजीचा प्रसंग या दृष्टीने मी पुन्हा वाचला. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलेही जेवतात. मनमिळाऊपणाचा धडा म्हणून हा प्रसंग शाळेत शिकवतात आणि ते योग्यच आहे. या वेळी मात्र दुसरीच गोष्ट ध्यानात आली. भाजी अळणी झाल्याचे आईला कळते केव्हा? सर्वांची पाने उठल्यावर ती स्वतः जेवायला बसते तेव्हा. ती शेवटी जेवत होती म्हणून तिला शेवटी कळले. गुरुजींनी हे मुद्दाम सांगितलेले नाही. पण ते प्रामाणिक लेखक असल्यामुळे प्रसंगात ते आपोआप आले आहे.

दाराबाहेरची माणसे

आता दुसरा प्रश्न. 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' हे पुस्तक १९३५ सालचे, म्हणजे 'श्यामची आई'च्याच वर्षाचे. त्यातील घर कॅन्ससमध्ये ज्या जमिनीवर उभे राहिले ती जमीन ओसेज नावाच्या मूळ रहिवाशांची होती. पहिल्या आवृत्तीत त्या प्रदेशात माणसे नसून केवळ इंडियन राहत, अशा अर्थाचे एक वाक्य होते. म्हणजे इंडियन ही माणसांत धरलेलीच नव्हती. एका वाचकाने लक्ष वेधल्यावर १९५३ च्या आवृत्तीत 'माणसे' या शब्दाच्या जागी 'वसाहतकार' असा शब्द घातला गेला. २०१८ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या बालविभागाने लॉराबाईंच्या नावाचा पुरस्कार ठेवला, पण त्याचे नाव बदलले. काहींना ते पटले नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे पुस्तक वाचू नये असा याचा अर्थ नव्हे. घराच्या दारात उभे राहून आत पाहावे तसे एकदा बाहेरही पाहावे, एवढाच त्याचा अर्थ.

'श्यामची आई'मध्ये दार थोडेसे उघडते. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची मोळी पडते आणि ती उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. त्या घरात वाढलेल्या मुलाने पुढे १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. आईची आठवण त्यांनी केवळ गोड करून ठेवली नाही, तिच्यातले अपुरे राहिलेले काम पुढे नेले. स्मरणरंजन आणि स्मरण यांतला फरक मला येथे समजला.

आठवण विकत मिळते

आता आपल्या मुलखाकडे वळू. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले तेव्हा प्रवेशद्वारापाशीच जुन्या अमेरिकन गावातला एक रस्ता उभारण्यात आला. वॉल्ट डिस्ने यांचे बालपण मिसूरीतील मार्सलीन या गावी गेले होते, त्याची छाया या रस्त्यावर आहे. तिकीट काढून बालपणीच्या गावात जाण्याची ती सोय होती. आज कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर फिरताना मला त्या रस्त्याची आठवण होते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. लोकल तर कर्जत व खोपोलीपर्यंत आहेच. शहर जवळ आले. उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत, भाताच्या खाचरांच्या जागी फार्महाऊसे उभी राहिली. रस्त्यावर पाट्या लागल्या : चुलीवरचे जेवण, गावरान चव, बैलगाडीची सफर. थंडीत पोपटीच्या पार्ट्या होतात.

पोपटी ही आमच्या रायगडची खास मौज आहे. भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा भरायच्या, तोंडाला पुन्हा पाला कोंबून मडके पालथे ठेवायचे आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. पाणी घालायचे नाही. लहानपणी वाडीतली आम्ही मुले शेंगा, पाला, मडके असे काही ना काही घरून घेऊन जात असू. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरणे, रात्री बत्ती घेऊन बांधावर मुठे शोधणे, हेही त्यातलेच. या गोष्टींना पैसे पडत नसत. आता पोपटीचे माणशी दर ठरलेले आहेत.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. शहरातल्या माणसालाही कधीतरी मोकळे वाटले पाहिजे. आणि आमच्या गावातल्या किती तरी घरांत या पाट्यांमुळेच पैसा येतो. आमच्याही घरात येतो. माझी आई अशाच एका ठिकाणी स्वयंपाक करते. शनिवारी पहाटे जाते, रविवारी रात्री परतते. तेथे गॅस आहे, पण पाहुण्यांना चूल हवी असते. म्हणून ती धुरात बसून तांदळाच्या भाकऱ्या भाजते. पाहुणे फोटो काढतात आणि मुलांना सांगतात, "बघा, आपली आजी असंच करायची." घरी मात्र आम्ही गॅसवर जेवतो, कारण दोन वेळा चूल फुंकणे आता आईच्या छातीला सोसत नाही. पाहुण्यांचे कुटुंब ज्या दिवशी एकत्र जेवते, नेमक्या त्या दिवशी आमच्या घरी आई नसते. हा कोणाचा दोष नाही. पण जुन्या कौटुंबिक जीवनाचा आनंद दुसऱ्याला मिळावा म्हणून आमच्या घरचा रविवार खर्ची पडतो, हे खरे आहे.

साधेपणाची किंमत याहून फार मोठीही असू शकते. खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली ठाकूरवाडी गडावर जाणाऱ्या कित्येकांना परिचित होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून इर्शाळवाडी गाडली गेली. वर जायला गाडीरस्ता नव्हता. मदतीला धावलेल्यांना भर पावसात, चिखलातून पायी चढावे लागले. शहराच्या गजबजाटापासून दूर असलेले जे जीवन आपण चित्रात रम्य म्हणून पाहतो, ते रस्त्यापासून आणि दवाखान्यापासूनही दूर असते.

आजीची साक्ष

मी माझ्या आजीला तिच्या जुन्या घराविषयी विचारले. तिचे वय पंचाहत्तरच्या आसपास आहे. लग्न होऊन ती आली तेव्हा घरात चौदा माणसे होती. तिचे सासरे म्हणजे माझे पणजोबा पूर्वी कूळ होते; पिकाचा मोठा वाटा मालकाकडे जाई. कूळकायद्याने जमीन नावावर झाली ती नंतर. पेज, नाचणीची भाकरी, सुकी मासळी हे रोजचे खाणे. भात कांडायचे ते उखळात आणि दळायचे ते जात्यावर.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि भिवपुरीचे १९२२ साली. आपल्या डोंगरावरून येणाऱ्या पाण्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्यानंतर पन्नास वर्षे उलटली तरी, त्याच तालुक्यातल्या आमच्या घरात आजी रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात दळत होती. विजेची पिठाची गिरणी गावात आली तेव्हा माझे वडील लहान होते.

गेल्या वर्षी शहरातले एक गृहस्थ आमच्या अंगणातले जाते विकत मागायला आले. त्यांना ते बागेत ठेवायचे होते. वडिलांना वाटले, आजी रागावेल. ती म्हणाली, "न्या खुशाल. त्याच्या नावानं माझं खांदं अजून दुखतात."

मला तिचे आश्चर्य वाटले. जात्यावरच्या ओव्यांचे मोल आता अभ्यासकांना कळले आहे. साने गुरुजींनी त्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. असा ठेवा देणारे जाते आजीने इतक्या सहज कसे दिले? रात्री मी विचारले, "आजी, तुला जात्याची आठवण नाही येणार?"

ती जरा थांबून म्हणाली, "जातं नाय गो आठवत, बाय. थोरली आठवते."

थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. ती आता हयात नाही. कोंबडा आरवला की दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात. आजी सांगत होती, "दिवसा सासूपुढं तोंड उघडायची सोय नव्हती. जे काय बोलायचं ते जात्यावर. माझी पयली पोर गेली तवा रडायला पण तेवढीच जागा होती. ती गायची, मी रडायची. पीठ मात्र पडायला लागतंच."

माझ्या वडिलांच्या आधी आजीला एक मुलगी झाली होती, हे मला त्या रात्री प्रथम कळले.

मग मी दुसराही प्रश्न विचारला. लावणीला कातकरी बायका येत, त्या कुठे जेवत? आजी म्हणाली, "अंगणात. आत नाय यायच्या." "का?" "नाय यायच्या, एवढंच." ती गप्प झाली. थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "पाऊस असला तरी अंगणातच." आमचे घर गरीब होते, पण त्याच्याही दाराबाहेर कोणी होते. लॉराबाईंच्या पुस्तकातील ते एक वाक्य मला तेव्हा नीट समजले.

समारोप

या सर्वांवरून मी असे अनुमान काढते की जुन्या घरात दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. एक होती सक्तीचे कष्ट, मुके राहणे आणि शिवाशिव. दुसरी होती सोबत. समोर बसून ऐकणारे कोणी तरी होते. आपण ज्याला जुन्या दिवसांची ओढ म्हणतो ती बहुधा या सोबतीची ओढ असते. पण सोबत विकत मिळत नाही, म्हणून आपण जाते विकत घेतो. आई सांगते की त्या जात्यावर आता कुंडी ठेवली आहे.

जाते गेले याचे मला दुःख नाही. उलट, ते बंद पडले म्हणून माझ्या आईला चौथीपर्यंत शिकता आले आणि मला हा लेख लिहिता येत आहे. आजीला पहाटे जो वेळ दळणात घालवावा लागला, त्या वेळी मी अभ्यास करते. तो वेळ मला फुकट मिळालेला नाही, तिच्या खांद्यांचे त्यावर ऋण आहे. ते कसे फेडावे, याचा विचार मात्र केला पाहिजे.

प्राध्यापकांना व विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना एक विनंती आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात श्रमदानाबरोबर एक काम जोडावे. प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्ध स्त्रीसमोर बसून तिच्या ओव्या आणि आठवणी लिहून घ्याव्यात. ठाकूरवाड्या आणि कातकरीवाड्या त्यातून वगळू नयेत. तेथे तर आधी जावे. फक्त काय गोड होते एवढेच न विचारता, काम कोण करी आणि अंगणात कोण बसे, हेही विचारावे.

आमच्या घरापुरते म्हणाल तर एक छोटा बदल झाला आहे. रविवारी रात्रीचा स्वयंपाक आता मी आणि धाकटा भाऊ करतो. आई येते, हात-पाय धुऊन भिंतीला टेकून बसते आणि आमच्या भाकऱ्या कुठे जाड झाल्या ते सांगते. जेवायला आधी ती आणि आजी बसतात. मागच्या रविवारी आमटीत मीठ नव्हते. दोघींनी पहिल्याच घासाला सांगितले.